मेरिटमधला माझा वाटा

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक इंग्रजी शब्द आपल्या घराघरांत मराठी होऊन वावरायला लागतो. मेरिट. ‘ओपनचं मेरिट कितीला क्लोज झालं?’ ‘दुसऱ्या यादीत मेरिट थोडं खाली येईल.’ पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणारी पोरं ‘यंदा मेरिट हाय लागणार’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे गुण असतात. तालुक्याच्या कोर्टातला वकील ‘केसमध्ये मेरिटच नाही’ म्हणून पक्षकाराला परत पाठवतो. ‘पोरगी मेरिटवर लागली’ म्हणजे वशिला नव्हता, पैसे चारले नव्हते. आणि या सगळ्यांहून जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे ‘आता मेरिटला किंमत राहिली नाही.’ ते मी जन्मभर ऐकत आले. बहुतेक वेळा आपल्याच माणसांकडून.

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दहावीच्या बोर्डाच्या गुणवत्ता यादीत माझं नाव आलं होतं. तेव्हापासून ‘मेरिटची मुलगी’ ही ओळख मला चिकटली आणि ती मला आवडत होती. पुढे बोर्डानं ती यादी जाहीर करणंच बंद केलं, पण माझी ओळख टिकली. नोकरी, मान, चारचौघांत बोलू लागले की लोकांनी ऐकून घेणं, यातलं बरंचसं त्या ओळखीच्या आधारानं मिळालं. म्हणून या शब्दाचा हिशेब कधीतरी स्वतःशी करायला हवा होता. तो आता करते आहे. दुसऱ्या कुणाच्या मेरिटबद्दल मला इथे काही ठरवायचं नाही.

शब्द मूळचा लॅटिन. ‘मेरेरे’ म्हणजे कमावणं, मोबदला मिळवणं. रोमन शिपाई फौजेत चाकरी करून पगार कमवायचा, त्यालाही हेच क्रियापद लागायचं. ज्यानं चाकरीची ठरलेली वर्षं पुरी केली तो ‘एमेरिटस’. आज हे बिरुद निवृत्त प्राध्यापकांच्या नावाशी जोडलं जातं, पण त्याचा पहिला धनी थकलेला शिपाई आहे. त्याच क्रियापदावरून लॅटिनमध्ये वेश्येसाठीही शब्द बनला, ‘मेरेट्रिक्स’, म्हणजे कमावणारी. कमाईच्या या शब्दाला तेव्हा कसलंही सोवळं नव्हतं.

जुन्या फ्रेंचमार्गे तो तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत शिरला, तो धर्माच्या वाटेनं. चांगल्या कृत्यांबद्दल देवाच्या दरबारी जे जमा होतं ते मेरिट. पुढे इंग्रज अभ्यासकांनी बौद्ध ग्रंथ भाषांतरित केले तेव्हा ‘पुण्य’ या शब्दासाठी त्यांना हाच शब्द सापडला. सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणेचा जो भडका उडाला, त्याच्या मुळाशी या शब्दाचा वाद होता. माणूस आपल्या सत्कृत्यांच्या बळावर देवाकडे हक्क सांगू शकतो का? मार्टिन ल्यूथर म्हणाला, नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांपैकी अकरावं कलमही तेच सांगतं, की देवापुढे आपण नीतिमान ठरतो ते ख्रिस्ताच्या मेरिटमुळे, आपल्या करणीमुळे नव्हे. ज्या भाषेतून आपण हा शब्द घेतला, तिच्या धर्मग्रंथांत मेरिट ही दुसऱ्याकडून मिळालेली गोष्ट होती. हे वाचल्यावर मी बराच वेळ थांबले होते.

शेक्सपिअरच्या काळात तर ‘डिमेरिट’ या शब्दाचाही अर्थ कधी कधी चांगलाच असे. ऑथेल्लो नाटकाच्या पहिल्या अंकात आपला नायक आपल्या ‘डिमेरिट्स’चा उल्लेख करतो, तो आपली लायकी सांगण्यासाठी. हे मी वर्गात तळटीप म्हणून सांगायची आणि पुढे जायची. ऑथेल्लो परका आहे, काळा आहे, व्हेनिसची लढाई लढून वर आलेला शिपाई आहे, आणि तरीही त्याला आपल्या कर्तबगारीबरोबर आपल्या कुळाचाही हवाला द्यावा लागतो. नुसती कर्तबगारी त्या व्हेनिसमध्ये पुरत नाही. इतकी वर्षं ते नाटक शिकवताना याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

आणखी खाली खणलं तर व्युत्पत्तिकार ‘मेरेरे’चं नातं ग्रीक ‘मेरोस’शी लावतात. मेरोस म्हणजे भाग, हिस्सा. त्याच घराण्यातला ‘मोइरा’ म्हणजे वाट्याला आलेलं, दैव. माणसाच्या आयुष्याचा धागा कातणाऱ्या आणि तोडणाऱ्या तीन ग्रीक देवतांना याच नावानं ओळखतात. म्हणजे कमावण्याच्या आधीचा अर्थ वाटा मिळण्याचा. ‘मेरिट’ या एका शब्दात मी मिळवलेलं आणि मला मिळालेलं, दोन्ही एकत्र नांदत होतं. आपण तो उचलला तेव्हा पहिला अर्थ घेतला आणि दुसरा सोडून दिला. मी तर नक्कीच सोडून दिला.

आमच्या घरात हा दुसरा अर्थ पूर्वी होता, पण तो मराठीत होता. निकाल कळल्यावर आजीनं देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, ‘वाडवडिलांची पुण्याई.’ पेढे घेऊन आलेल्यांना मात्र वडील ‘मेरिट’ सांगत होते. देवापुढे एक शब्द आणि लोकांपुढे दुसरा. आजीचं बोलणं मला जुनाट वाटलं होतं. अभ्यास मी केला, जागले मी, आणि श्रेय पणजोबांना कसलं, असा राग आला होता. आज मला वाटतं, तिचं बोलणं खऱ्याच्या जास्त जवळ होतं. फक्त तिनं ज्याला पुण्याई म्हटलं ते नेमकं काय होतं, ते उघडून पाहायला हवं.

आमचं गाव तेव्हाच्या नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, कोरडवाहू, तालुक्याचं ठिकाण. पणजोबांकडे जवळच्या गावांचं कुलकर्णी वतन होतं. गावाचा वसूल, जमिनीची नोंद, देणंघेणं, सगळं मोडीत लिहून दप्तरात बांधून ठेवायचं हे त्यांचं काम. त्या कामाबद्दल गावाच्या उत्पन्नातून त्यांना हक्कानं वाटा मिळायचा. लिहिणं-वाचणं हा आमच्या घराण्याचा वारसाहक्क होता आणि तो दुसऱ्या कुणाला मिळत नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं बंद केली. मुंबई राज्यात कायद्यानं ती १९५० नंतर गेली. वतन गेलं तेव्हा घरात रडारड झाली होती असं ऐकलं आहे. पण कायद्यानं जमीन आणि हक्क गेले, लेखणी कशी जाणार? आजोबा पोस्टात लागले, वडील शिक्षक झाले. पणजोबांच्या दप्तरातून माझ्या दप्तरात जे आलं त्याला कुठल्याही कायद्यानं हात लावला नाही.

त्यात काय काय होतं? घरात पुस्तकांचं कपाट होतं. वर्तमानपत्र येत होतं. वडिलांचे मित्र संध्याकाळी ओसरीवर बसून व्याकरणावर भांडायचे. गणित अडलं तर वडील, संस्कृत अडलं तर काका, इंग्रजीसाठी वडिलांच्याच शाळेतले एक सर घरी येऊन शिकवून जायचे, त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. परीक्षेच्या आधी दोन महिने मला स्वयंपाकघरात कुणी बोलावलं नाही. पाणी आईनं भरलं, भाकऱ्या आईनं थापल्या, धाकट्या भावंडांना आईनं गप्प बसवलं. आई चौथीपर्यंत शिकलेली, तोंडी हिशेबाला वडिलांपेक्षा तल्लख. तिला पाचवीला पाठवलं नाही, कारण मुलगी. तिचं मेरिट कुठल्याच यादीत आलं नाही. ते माझ्या खात्यावर जमा झालं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागावीत याची मला खंत आहे.

आणि घरातली सगळ्यांत मोठी ठेव अशी होती की ती ठेव आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या घरात जे बोलायचे तेच पुस्तकात छापलेलं असायचं. ‘पाणी’, ‘आणि’, ‘होतं’. मराठीचा पेपर लिहिताना मला भाषा बदलावी लागत नव्हती. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी ‘पानी’, ‘आनि’, ‘व्हतं’ होतं. ती मुलं आधी आपली बोली गिळायची, मग पुस्तकाची भाषा आठवायची, मग उत्तर लिहायची. मी थेट उत्तर लिहायची. त्यांच्या वहीत तांबड्या शाईच्या रेघा आणि माझ्या वहीत ‘शाब्बास’. शंभरातले किती गुण ज्ञानाचे आणि किती जन्माचे, हे वेगळं काढणारी पद्धत कुठल्याही बोर्डाकडे नाही.

मी पुढे स्वतः उत्तरपत्रिका तपासल्या. नियमावली समोर असायची, मी ती पाळली, आणि त्या नियमांत राहूनही मला जे करता आलं असतं ते केलं नाही. एखादं उत्तर विचारानं भरलेलं असायचं आणि भाषेनं अडखळत असायचं. दुसरं सफाईदार असायचं आणि त्यात स्वतःचं काहीच नसायचं. माझा हात दुसऱ्याकडे झुकायचा. मला ते नीटनेटकं वाटायचं, म्हणजे माझ्या घरासारखं वाटायचं. त्या वेळी मी याला दर्जा म्हणत होते.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिचे आईवडील दर वर्षी दसऱ्यानंतर ‘कारखान्याला’ जायचे. आमच्या भागात हा शब्द उच्चारला की पुढे काही सांगावं लागत नाही. पाथर्डीपासून बीडपर्यंतच्या पट्ट्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात, हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, मग ती फिटेपर्यंत फडात राबायचं, राहायला पाचटाची कोपी. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. त्या मुलीला बरोबर जावं लागायचं, कारण धाकटी भावंडं कोपीवर सांभाळायला कुणीतरी हवं. पुढे साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं आली. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. हजेरीपटावर तिच्या नावापुढे दिवाळीपासून रांगेनं ‘गैरहजर’. ती परतायची तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असायची. आणि तरीही बाई फळ्यावर गणित लिहायच्या तेव्हा माझ्या आधी तिचं उत्तर तयार असायचं. मला तिचा हेवा वाटायचा, हे मला स्वच्छ आठवतं. सातवीनंतर ती दिसली नाही.

तिच्याशी माझी स्पर्धा झाली असती तर? हा प्रश्न मी अनेक वर्षं टाळला. बोर्डाच्या यादीत मी कितव्या क्रमांकावर होते ते घरात सगळ्यांना पाठ होतं. पण तो क्रमांक परीक्षेला बसलेल्यांतला होता. जे बसूच शकले नाहीत त्यांच्यात माझा क्रमांक कितवा, हे कुणी विचारलं नाही. शर्यतीत धावणाऱ्या निम्म्या मुलींना मैदानाबाहेर उसाच्या मोळ्या बांधायला लावायचं आणि मग उरलेल्यांना क्रमांक द्यायचे, तसं ते होतं.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, ते मी एम.ए. झाल्यावर पुष्कळ वर्षांनी वाचलं. इंग्रजी साहित्यात एम.ए. करताना ते अभ्यासक्रमात असण्याचं कारण नव्हतं, पण ते निवेदन मुळात इंग्रजीतच आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, असं त्यांचं म्हणणं. उच्चशिक्षणाचा लाभ वरून खाली आपोआप झिरपेल या सरकारी समजुतीवर त्यांनी बोट ठेवलं, आणि प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत सक्तीचं करा अशी मागणी केली. हे वाचताना मी माझ्या स्वतःच्या फीच्या पावत्या आठवत होते. अनुदानित महाविद्यालयात मी जी फी भरली, तीतून माझ्या एका प्राध्यापकाचा पगारही निघाला नसता. बाकीचा पैसा सरकारी तिजोरीतून आला. त्या तिजोरीत भर कुणी घातली? काडेपेटी, कापड, गोडेतेल विकत घेताना कर भरणाऱ्या प्रत्येकानं. त्या मुलीच्या आईनंसुद्धा. तिनं तोडलेल्या उसाच्या साखरेवर सरकारनं कर घेतला होता आणि त्यातला काही भाग माझ्या शिक्षणावर खर्च झाला होता. ही अलंकारिक भाषा नाही, हा जमाखर्च आहे.

परीक्षा घेऊन माणसं निवडायची ही पद्धत आपल्याकडे इंग्रजांनी आणली आणि ती आणताना तिला न्यायाचं रूप होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीनं नोकऱ्या मिळायच्या, ते बंद करून १८५५ पासून लंडनमध्ये सनदी सेवेची खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. वशिल्यापेक्षा हे शंभर पटीनं चांगलं होतं, यात शंका नाही. पण परीक्षा लंडनमध्ये. ग्रीक आणि लॅटिनला गुण जास्त, संस्कृत आणि अरबीला कमी. वयाची अट इतकी खाली आणली गेली की १८७६ साली कमाल वय १९ ठरलं. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली पहिले भारतीय म्हणून त्यातून निवडले गेले. १८६९ साली चार भारतीय उत्तीर्ण झाले, त्यांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्याबरोबर आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर होते. या दोघांची नावं वयाच्या कारणावरून काढून टाकली गेली. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगायची रीत आणि इंग्रजांची पुरी झालेली वर्षं मोजायची, त्यातून तो घोळ झाला होता. दाद मागितल्यावर त्यांची निवड पुन्हा मान्य झाली. मेरिट तेच होतं, मोजणाऱ्याच्या कॅलेंडरनं ते एकदा नाहीसं केलं आणि एकदा परत दिलं. आपण या गोष्टी स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकात वाचतो आणि इंग्रजांवर रागावतो. तोच राग स्वतःच्या बोर्डाच्या परीक्षेबद्दल मला कधी आला नाही, कारण तिथे मोजणारे माझ्या घरातले होते.

‘मेरिटोक्रसी’ हा शब्द ज्यानं जगभर पोचवला, तो मायकल यंग हा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. त्यानं १९५८ साली एक पुस्तक लिहिलं. भविष्यकाळातला एक निवेदक २०३४ सालच्या इंग्लंडची कहाणी सांगतो, असा त्याचा घाट आहे. बुद्ध्यंक आणि प्रयत्न यांची बेरीज म्हणजे मेरिट, असं सूत्र तिथे ठरतं, आणि त्यानुसार माणसांची वर्गवारी होते. वरचे लोक निर्धास्त होतात, कारण त्यांना खात्री असते की आपण इथे पोचलो ते आपल्या लायकीनं. खालच्यांना तर उभं राहायलाही जागा उरत नाही; पूर्वी गरीब माणूस निदान म्हणू शकत होता की मला संधी मिळाली नाही. यंगनं ते पुस्तक धोक्याचा इशारा म्हणून लिहिलं होतं. लोकांनी तो शब्द कौतुकाचा करून टाकला, राजकारणी तो घोषणेत वापरायला लागले, आणि आयुष्याच्या अखेरीला, २००१ साली, त्याला वर्तमानपत्रात लेख लिहून तक्रार करावी लागली. मी हे पुस्तक वाचलं तेव्हा त्यातले वरचे लोक मला ओळखीचे वाटले. त्यांची ती निर्धास्त झोप मी घेतलेली आहे.

मंडल आयोगाच्या आरक्षणाच्या शिफारशींची अंमलबजावणी १९९० च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली तेव्हा मी नोकरीत स्थिरावले होते. प्राध्यापकांच्या खोलीत तो शब्द सकाळ-संध्याकाळ ऐकू यायला लागला. मेरिट मारलं, मेरिट देशाबाहेर जाणार, मेरिटवर अन्याय. मी वाद घातला नाही. मला आतून तो शब्द माझ्याबद्दलचाच वाटत होता, आणि स्वतःची बाजू घेतली जात असताना कोण थांबवतं? पण त्याच सुमारास आमच्याच नात्यात जे चाललं होतं ते मी पाहत होते. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली. देणगी घेऊन प्रवेश देण्याचा प्रकार इतका माजला की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. नात्यातल्या एका मुलाला गुण कमी पडले, तेव्हा घरातल्यांनी शेत गहाण टाकून त्याला जागा घेऊन दिली. सगळ्यांनी त्या त्यागाचं कौतुक केलं, मीही केलं. त्या वेळी घरात ‘मेरिट’ हा शब्द कुणी काढला नाही. पेमेंट सीट, मॅनेजमेंट कोटा, एनआरआय कोटा, हे शब्द आमच्या जेवणाच्या ताटाशी अगदी साधेपणानं बोलले जायचे. पैशानं मागचा मुलगा पुढे गेला तर व्यवहार, आणि कायद्यानं गेला तर अन्याय. हे दोन मापांचं मोजणं माझ्या घरात चाललं आणि मी तिथे जेवत होते.

माझ्या मनातला सगळ्यांत चिवट आक्षेपही मांडला पाहिजे, कारण तो खोटा नाही. उद्या मला ऑपरेशन करून घ्यायचं असेल तर मी चांगलाच डॉक्टर शोधेन. पूल बांधणाऱ्याला गणित आलंच पाहिजे. मग मेरिटला सोडून कसं चालेल? यावर मी खूप विचार केला आहे. चांगला डॉक्टर हवा, याबद्दल दुमत नाही. पण वैद्यकीय महाविद्यालयात आत जाताना आरक्षण असतं, बाहेर पडताना नसतं. एमबीबीएसची परीक्षा सगळ्यांना एकच आणि उत्तीर्ण व्हायचे गुणही तेच. माझ्या भीतीचं कारण डॉक्टरचं कौशल्य असतं, तर ती भीती देणगी भरून आत आलेल्या डॉक्टरबद्दलही वाटायला हवी होती. तशी ती वाटली नाही. म्हणजे भीती कौशल्याची नव्हती. ती कशाची होती हे मला आता कळतं, आणि ते लिहायला हात जड होतो: ती मला माझी जागा जाण्याची होती.

सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या जानेवारीत, वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातल्या ओबीसी आरक्षणाच्या प्रकरणात, आपल्या निकालाची कारणं दिली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती ए. एस. बोपण्णा यांच्या पीठानं म्हटलं की स्पर्धा परीक्षेतले गुण काही वर्गांना मिळालेला सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक फायदा दाखवत नाहीत, आणि मेरिटकडे त्याच्या सामाजिक संदर्भात पाहायला हवं. कायद्याच्या भाषेत ते माझ्या ओसरीबद्दल, माझ्या आईनं भरलेल्या पाण्याबद्दल आणि माझ्या ‘ण’बद्दल बोलत होते.

मग माझं स्वतःचं म्हणून काय उरतं? काहीच नाही, असं म्हणणं खोट्या विनयाचं होईल आणि तेही मला नको आहे. मी अभ्यास केला. कंटाळा आला तरी बसून राहिले. मुलगी असूनही पुढे शिकायचं म्हणून घरात भांडले, आणि ते भांडण सोपं नव्हतं. माझ्या आईला जे मिळालं नाही ते मला मिळालं, त्यात माझ्या हट्टाचाही भाग आहे. पण तो हट्ट ज्या घरात ऐकून घेतला गेला ते घर मी कमावलं नव्हतं. त्या मुलीनंही हट्ट केला असेल. तिचा हट्ट ऐकायला घरात उसंत कुणाला होती? तिच्या बापाच्या डोक्यावर उचल होती, माझ्या बापाच्या नव्हती.

माझ्या गुणांतले काही गुण माझे आहेत. ते किती, हे मी सांगू शकत नाही. सगळे माझे नव्हते, एवढं लिहून देते. जे माझे नव्हते त्यांचं मी काय केलं, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचं माझं उत्तर तोकडं आहे. मी पगार घेऊन शिकवलं, नीट शिकवलं. पण ज्यांच्या वाट्याचं घेऊन मी उभी राहिले, त्यांच्या मुलांसाठी पगारापलीकडे काही केलं का? थोडं केलं, आणि तेही निवृत्तीनंतर. गावाकडच्या काही मुलांना इंग्रजी शिकवते. ती ‘आनि’ म्हणतात, मी दुरुस्त करत नाही. उत्तरात काय सांगायचंय ते आधी ऐकून घेते. प्रमाणभाषा त्यांना शिकवते, कारण परीक्षा अजून तीच आहे, पण ती बरोबर आणि त्यांची चूक, असं आता सांगत नाही. त्यांच्यातल्या दोघांचे आईबाप अजूनही कारखान्याला जातात.

माझी एक विनंती आहे, आणि ती माझ्यासारख्यांच्याच घरांना आहे. या वर्षी निकाल लागतील, मुलांना पेढा भरवाल, तेव्हा त्यांना हेही सांगा: आपल्या घरात लिहिणं-वाचणं किती पिढ्यांपासून आहे, त्यांच्या आजीला कितवीतून काढलं, महाविद्यालयाची फी भरल्यावर उरलेला खर्च कुणाच्या पैशातून झाला. नावं माहीत असतील तर नावानिशी सांगा. आणि मेरिटला किंमत राहिली नाही, हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारू नका.